बहुतेक घातली

हसले सगळेच, परंतु त्या हसण्यातून त्याला वेगळे निवडून ऐकू आले ते बायकोचे हसणे. घासातला खडा नेमका दाताखाली यावा, तसे. प्रसंग म्हणावा असा तो प्रसंगही नव्हता. रविवारची दुपार, थोरल्या भावाचे उंचावरचे घर, लांबलचक टेबल, आणि टेबलाभोवती दादा, वहिनी, त्यांची सून, नातवंडे व कडेला पाहुण्यासारखे अंग चोरून बसलेले हे दोघे नवराबायको. दादाने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि जाहीर केले की, अण्णांची, म्हणजे वडिलांची, जुनी ब्रिटिश गाडी या खेपेला जुन्या गाड्यांच्या फेरीत उतरणार. चालवणार तो स्वतः आणि नातवंडे मागे बसणार. इंजिन मिस्त्रीने बोलते केलेच होते. राहता राहिले ब्रेक. "ते काम मिस्त्रीकडूनच करून घे बरं का," दादा धाकट्याकडे वळून म्हणाला, "तू हात लावू नकोस बाबा. आमची हाडं आता जुनी झाली, त्यांचे स्पेअर मिळत नाहीत." नातवंडांना यातले इंगित ठाऊक होते. झोपताना सांगायच्या गोष्टींत ही गोष्ट त्या घरात केव्हाच जमा झाली होती: धाकट्या आजोबांनी ब्रेकची पिन घातली नाही आणि गाडी फाटकाच्या खांबावर चढली. तेव्हा नातवंडे हसली, सून हसली, वहिनी हसल्या, आणि तोंडापुढे हात धरून त्याची बायकोही हसली. तिच्या हसण्यात विष नव्हते. विष असते तर उतारा तरी शोधता आला असता.

बसमधून परतताना तो खिडकीकडे तोंड करून बसला. बायको म्हणाली, "अहो, असे मुक्याने काय बसलात? जेवण बाधलं का?"

"नाही."

"मग?"

"तू हसलीस."

तिने खरोखर आठवून पाहिले. "सगळे हसले म्हणून हसले. जुनीच तर गोष्ट आहे. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढे, हे त्याला बसमध्ये सांगता येण्यासारखे नव्हते, घरी पोचल्यावरही नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप विसळून त्याने पालथा घातला, घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला आणि गाडीवरचे ताडपत्रीचे आच्छादन ओढून काढले. अण्णा गेल्यावर त्यांचे घर विकले गेले, दादाच्या इमारतीत गाडीला जागा नव्हती, म्हणून ती इकडे आली होती. कुटुंबात जे जे कुणाला नको असते ते सारे धाकट्याकडेच येते, तशी. उभ्या जाळीचे तिचे नाक, बाहेर काढलेल्या डोळ्यांसारखे दिवे, आणि डाव्या मडगार्डवर ठोकून ठोकून सरळ केलेला, तरीही तिरप्या उजेडात दिसणारा तो पोचा. त्याने जॅक लावला, चारी बाजूंनी लाकडी ठोकळे सरकवले आणि पहिल्या चाकाच्या नटावर पान्हा चढवला. नट हलेना. त्याने पान्ह्यावर पाय दिला, अंगाचा सारा भार घातला, आणि नट सुटताना झालेल्या करकरीने त्याच्या मनात जे उमटले, त्याला आनंद म्हणता आले नसते. कुणाचा तरी हात पिरगाळल्यावर आतून जे सुख होते, ते होते.

मिसरूड फुटण्याच्या वयात तो या गाडीचा अर्धा मालक होता. अण्णा मोटारवेडे. कान असा की, फाटकाबाहेरून गेलेल्या गाडीचा कुठला प्लग चुकतो, हे जेवता जेवता सांगायचे. थोरल्याला या विद्येचे सोयरसुतक नव्हते. तो अभ्यासात हुशार, कपड्यांना डाग लागू न देणारा. धाकटा शाळेत रडतखडत पुढे सरकत होता, परंतु अण्णांनी गाडीखालून नुसता हात बाहेर काढला की मागण्याआधीच नेमका पान्हा त्या हातात पडत असे. त्या दिवशी सकाळी त्याने ब्रेकच्या दांड्याचा जोड सोडवून, ग्रीस भरून पुन्हा जोडला होता. या गाडीचे ब्रेक नव्या गाड्यांसारखे तेलाच्या दाबावर चालणारे नव्हेत. पॅडल दाबले की लोखंडी दांडा ओढला जातो, दांड्यामागून तारा ओढल्या जातात आणि चाकाच्या आत ब्रेक आवळतात. पॅडल आणि दांडा यांच्या जोडात एक खीळ असते, आणि ती खीळ निसटू नये म्हणून तिच्या भोकात केसांच्या आकड्यासारखी दोन पायांची एक कॉटर पिन घालून तिचे पाय दुमडतात. एवढीशी वस्तू; परंतु ती राहिली तर खीळ गळून पडते आणि पॅडल निर्जीव होते. दुपारी दादाने किल्ली मागितली. तो मित्राच्या कोऱ्या गाडीवर नुकताच चालवायला शिकला होता, मोठी नोकरी मिळाली होती, आईला फिरवून आणायचे होते. अण्णा पायऱ्यांवर उभे होते. त्यांनी हसून किल्ली दिली. फाटकाकडे जाणारा उतार होता. गाडी निघाली, आणि मग किंचाळत गेली. दादाचा ओरडा ऐकू आला, ब्रेक लागत नाही, ब्रेक लागत नाही, त्यानंतर खांब. आईचे मनगट तुटले. अण्णा पायऱ्या उतरून सावकाश आले, त्यांनी आईला उतरवून घेतले, दादाच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहिले आणि मग मागे वळून धाकट्याला विचारले, "पिन घातलीस?"

तो म्हणाला, "बहुतेक घातली."

त्या एका शब्दाने त्याचे आयुष्य ठरले, असे तो पुढे स्वतःशी म्हणत आला. वास्तविक त्याला खोटे बोलायचे नव्हते. जे काम माणूस रोज करतो त्यातला एखादा नेमका दिवस त्याला कधीच आठवत नाही. आपण सकाळी दात घासले होते का, असे कुणी दरडावून विचारले तर कोणाही सज्जनाची पंचाईतच होईल. परंतु अण्णांनी मान हलवली. गाडी ढकलत शेडमध्ये नेली, कुलूप घातले आणि किल्ली खिशात टाकली. ती शेड पुन्हा उघडली नाही. एका कारखान्यात तो उमेदवारीला लागणार होता, बोलणे पक्के झाले होते. अण्णा स्वतः जाऊन नको म्हणून सांगून आले. ज्याच्या हातून पिन राहते त्याच्या हाती दुसऱ्यांचे जीव नकोत, असे ते तिथे म्हणाले, आणि घरी येऊन तेच शब्द जसेच्या तसे त्यालाही ऐकवले. मग पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे त्याची उभी हयात गेली. लोक काचेपलीकडून भांडत आणि तो म्हणे, चौकशी चालू आहे. आईचे मनगट वाकडे जुळले होते. तिच्या हातून भांडे निसटले की घरातली माणसे भांड्याकडे न पाहता त्याच्याकडे पाहत. आई मात्र पाहत नसे. ती भांडे उचलायला वाकत असे, आणि ते पाहवत नसे. आणि तो? तो खिडकीमागे बसून, अंथरुणावर पडून, न्हाव्यापुढे मान वाकवून, ती सकाळ पुन्हा पुन्हा उलगडत असे. ग्रीसचा डबा दिसे. बोटांना चिकटलेली माती दिसे. खीळ भोकात जाताना होणारा टक् असा आवाज ऐकू येई. त्यानंतर मात्र अंधार. पिन दिसतच नसे.

काम चालले होते. गंजाने चाकांतले ब्रेकचे ड्रम असे चिकटले होते की, लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकत, मधेच त्यांना चुचकारत, एकेक सोडवावा लागला. आतली जुनी भुकटी छातीला वाईट, म्हणून ती न झटकता त्याने ओल्या फडक्याने टिपली. झिजून काचेसारखे गुळगुळीत झालेले लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे पट्टे, छिन्नीने काढले, नवे आणून रिबिटांनी ठोकून बसवले. तारा रॉकेलमध्ये धुतल्या आणि तेलात मुरत ठेवल्या. हात काही विसरले नव्हते. उलट मालकाने इतकी वर्षे का बोलावले नाही, असा रुसवा धरून ते अधिकच चटपटीत चालत होते. बायको दाराशी येऊन उभी राही. "मिस्त्रीला बोलवायचं ना? भाऊजी पैसे द्यायला तयार आहेत," असे म्हणे, आणि तो पुढचा नट चढवू लागे. चारी चाकांचे काम उरकले तरी पॅडलखालच्या जोडाकडे तो गेला नव्हता. त्याला भीती वाटत होती. आयुष्यभर ज्या खोलीत डोकावण्यासाठी धडपडलो तिचे दार नुसते लोटलेले आहे, हे कळल्यावर वाटते तशी.

अखेर तो विजेरी घेऊन गाडीखाली सरकला. लाकडी तळातून पॅडलांचे तीन दांडे खाली उतरले होते. उजवीकडच्या दांड्याला जोड होता, जोडात खीळ होती, आणि खिळीत पिन होती.

गंजलेली, काळी पडलेली, परंतु होती. एक पाय वर व एक पाय खाली दुमडून खिळीला अगदी चिकटवलेला. अण्णा दोन्ही पाय नुसते फाकवून सोडत. ही दुमड त्याची स्वतःची होती, अण्णा तिला हसत असत. माणसाला स्वतःचे हस्ताक्षर ओळखू यावे तशी त्याने ती ओळखली. तो उताणा पडून राहिला. डोळ्यांत गंजाचे कण पडत होते तरी त्याने ते मिटले नाहीत. आपण निर्दोष आहोत हे कळल्यावर माणसाला हलके वाटत असेल असा त्याचा समज होता; प्रत्यक्षात त्याला जड वाटले, कारण निर्दोषपणापाठोपाठ दुसरी गोष्ट आत शिरली होती आणि ती छातीवर बसली. ब्रेक शाबूत होता, तर दादा खोटे बोलला. तो घाबरला, पाय गोठला असेल, दाबलाच नसेल. आणि स्वतःची अब्रू वाचवण्यासाठी त्याने आपली चूक ओरडून दुसऱ्याच्या गळ्यात घातली. मग तेच खोटे त्याने वर्षानुवर्षे जेवणाच्या टेबलावर, लोणचे वाढावे तसे, तोंडी लावायला वाढले.

पिन काढून त्याने तळहातावर घेतली आणि तो बाहेर आला. बायको दोरीवरचे कपडे काढत होती.

"काय आहे?"

"पिन. ब्रेकची. जागेवरच होती."

तिने ती उजेडात धरून उलटसुलट पाहिली. "म्हणजे तुम्ही घातली होती."

"हो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मला ठाऊक नव्हतं."

"स्वतः घातलेली ठाऊक नव्हती?" तिने पिन त्याच्या हातावर परत ठेवली आणि कपड्यांचा ढीग कमरेवर घेतला. "बरं झालं. मिटलं एकदाचं."

मिटले? त्याला वाटले, आता कुठे सुरू होत आहे. त्यानंतर काम करताना तो सुडाची एकेक तऱ्हा उलगडून पाहू लागला, दुकानात कापडाचे ठाण उलगडून पाहावे तसा. फेरीच्या दिवशी, चारचौघांत, दादा हार घालून गाडीत बसलेला असताना त्याच्या मांडीवर पिन ठेवावी. किंवा जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या पेल्यात टाकावी. मनात एक वाईट विचारही आला: नवी पिन घालूच नये. त्याने तो विचार नीट तपासला आणि फेटाळला. भलेपणाने नव्हे. पिन घातली नाही तर दादाची गोष्ट खरी होईल, म्हणून. ब्रेक असे झाले पाहिजेत की त्यांच्याविरुद्ध कुणाला ब्र काढता येऊ नये. खोटारड्याने स्वतःच्या पायाने ते दाबावेत, चाक जागच्या जागी थांबावे, आणि मग त्याला विचारावे, तेव्हा काय झाले होते रे? यासाठी दादा पॅडलवर हवा होता. आणि माणूस लागतच होता. असे ब्रेक जुळवताना एकाने वर बसून पॅडल दाबायचे, दुसऱ्याने खालून जोड व तारा पाहायच्या, तिसऱ्याने चाक हाताने फिरवून ते किती अडते ते सांगायचे, अशीच रीत आहे.

"मी येऊ?" दादा फोनवर म्हणाला. "म्हणजे मिस्त्रीला दिलंच नाहीस तर. शहाणा आहेस. बरं, येतो. तू खाली असणार ना? मग हरकत नाही, चेंगरलास तर तूच चेंगरशील."

दादा आला तो इस्त्रीचा सदरा घालून. गाडीभोवती फिरला, पोच्यावरून बोट फिरवले आणि म्हणाला, "हा राहू दे. इतिहास आहे." मग गुडघा धरून, कण्हत, चालकाच्या आसनावर चढला. बायको पुढच्या चाकाशी उकिडवी बसली. तो गाडीखाली सरकला. खिशातली जुनी पिन मांडीला टोचत होती.

"दाब," तो म्हणाला.

"दाबला."

"फिरतंय," बायको म्हणाली. चाक मोकळे, भिंगरीसारखे फिरत होते.

त्याच्या डोळ्यांसमोर जोड होता आणि जोड तसूभरही हलला नव्हता. "दादा, दाब."

"दाबलाय की. पार तळाला गेलाय."

तेव्हा त्याची नजर बाजूला सरली. मधला दांडा खाली ओढला गेला होता. उजवा ब्रेकचा, डावा क्लचचा, आणि मधला, या जुन्या गाडीच्या पद्धतीप्रमाणे, ॲक्सिलरेटरचा. आताच्या साऱ्या गाड्यांत मध्ये ब्रेक असतो. मित्राच्या त्या कोऱ्या गाडीतही मध्येच होता. त्याला स्वतःला हे पहिल्यापासून ठाऊक होते, इतके की ठाऊक आहे हेच तो विसरला होता. दुसऱ्या कुणाच्या पायाला ते ठाऊक नसेल हे कधी त्याच्या मनातच आले नाही.

"सोड. पुन्हा दाब."

मधला दांडा वर गेला, पुन्हा खाली आला.

"अजून जोरात."

"अरे, गुडघा मोडेल माझा." वरून धापा ऐकू येत होत्या. त्याने आणखी दाबायला लावले, आणखी. आणि प्रत्येक वेळी तो मधला दांडा आज्ञाधारकपणे खाली येताना पाहत राहिला. त्यात एक गोड, काळपट सुख होते. मग दादा म्हणाला, "हे असंच झालं होतं. अगदी असंच. पाय पार तळाला गेला आणि काही लागलंच नाही. मी जितका दाबत होतो तितकी ती जास्त पळत होती. अजून झोपेत पाय झाडतो मी, वहिनीला विचार तुझ्या."

तो आवाज खोटे बोलणाऱ्याचा नव्हता. गाडीखाली पडल्या पडल्या त्याच्या हातून काहीतरी निसटले. ज्याच्यासाठी इतके दिवस सूड घासूनपुसून ठेवला, तो खोटारडा माणूस मुळी जन्मालाच आला नव्हता. आणि तेवढ्यात त्याला ती किंकाळी ऐकू आली, गाडीची. ब्रेक नसलेली गाडी उतारावरून मुकाट घरंगळते, किंचाळत नाही. किंचाळते ते इंजिन, पॅडल तळाला गेले की. उभा जन्म तो आवाज कानात होता, पण भीतीपोटी त्याने तो कधी ऐकलाच नव्हता. परंतु पायऱ्यांवर उभ्या असलेल्या माणसाने? ज्याला जेवता जेवता दुसऱ्याच्या गाडीचा प्लग ऐकू येई त्याने? ज्याने रोज त्याच मधल्या पॅडलावर पाय ठेवला त्याने? अण्णा गाडीखालून मांजर गेले तरी वाकून पाहणारे. त्या दिवशी मात्र ते वाकले नाहीत. वाकायची गरजच नव्हती. त्यांना पायऱ्यांवरच कळले होते. थोरल्याची नोकरी होती, लग्नाची बोलणी चालली होती. धाकट्याचे काय, तो तसाही मागेच होता. प्रश्न विचारण्यापूर्वी त्यांनी दोघांची तोंडे पाहिली होती, आणि त्यांतले स्वस्त ते निवडले होते.

तो सरपटत बाहेर आला. उघड्या दाराशी येऊन उकिडवा बसला. दादाचे चकचकीत बूट त्याच्या नाकाशी होते.

"दादा, तुझा पाय ॲक्सिलरेटरवर आहे."

"काय?"

"या गाडीत मध्ये ॲक्सिलरेटर असतो. ब्रेक उजवीकडे."

दादाने खाली पाहिले. बायकोच्या हातातले चाक हळूहळू फिरायचे थांबले. "कधीपासून?" दादाने विचारले, आणि प्रश्न वेडगळ आहे हे त्याचे त्यालाच कळले असावे, कारण त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. ओठांवर हात फिरवला. "मला कुणी सांगितलं नाही रे. अण्णांनी किल्ली देताना... त्यांनी सांगायला हवं होतं. विसरले असतील. त्यांना कळलं नसेल."

इथे गप्प राहता आले असते. पिन होती, दांडा पाहिला होता, बायको साक्षीला होती. तेवढ्याने तो सुटला होता. दादाजवळ बाप तरी उरला असता. परंतु सुडाने भरलेले मन रिकाम्या हाती परत जात नाही. ज्याला गाठायचे तो जळून राख झालेला असेल, तर जो पुढ्यात बसला आहे त्याच्याकडे ते वळते.

"अण्णांना कळलं होतं," तो म्हणाला. "आवाज ऐकला त्यांनी. तुला पुढे कधी गाडीला हात लावू दिला का?"

"गाडी मोडली होती."

"मडगार्ड चेपलं होतं. अण्णांनी नंतर घेतलेली नवी गाडी? ती तरी दिली का कधी? तू कमावता, साहेब, पोरांचा बाप झालास. तरी तू आलास की किल्ली कुठे असायची? अण्णांच्या खिशात."

दादाच्या चेहऱ्यावर, गालांखाली, काहीतरी ढासळत गेले. एवढी वर्षे तो घरातला शहाणा मुलगा होता. आणि आता त्याला दिसत होते की, बापाने त्याला शहाणा ठरवले नव्हते, फक्त झाकले होते, त्या शेडमधल्या गाडीसारखे. धाकट्याने ते ढासळणे डोळे भरून पाहिले. त्याला ऊब वाटली. लाज वाटेल म्हणून तो थांबला, पण ती आली नाही.

"पोरांना सांगशील?" दादाने विचारले.

"तू सांग," तो म्हणाला. "येत्या रविवारी. जेवताना."

दादाने मान हलवली. होकार की काय, ते कळले नाही. बायकोने चाकावरचे हात काढून पदराला पुसले आणि ती नवऱ्याकडे पाहू लागली, ओळखीचा माणूस परक्या गावात भेटल्यावर पाहतात तशी. "अहो," ती हळूच म्हणाली, "पुरे आता."

"काम राहिलंय," तो म्हणाला. "चाक धर."

तिने चाक धरले. दादाने मधल्या पॅडलावरचा पाय उचलला. परंतु तो कुठे ठेवावा हे त्याला समजेना. एवढा मोठा साहेब, गाडीच्या त्या अरुंद खोबणीत बूट वर धरून बसला.

"आता कुठला दाबू?" त्याने विचारले.

सगळ्या आयुष्यात दादाने काही शिकून घेण्यासाठी त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. तो दाराशी बसून वर धरलेल्या त्या पायाकडे पाहत राहिला. उत्तर अगदी सोपे होते. ते द्यायची त्याला घाई नव्हती.